निवांत ऐकायचंय, पण तेच ते नको: खानदेशातल्या नव्या श्रोत्यासाठी वाटाड्या

मोबाइलवर ‘शांत संगीत’ असं शोधलं की काय समोर येतं ते सगळ्यांना पाठ आहे. आठ-आठ तासांचे व्हिडिओ, वर धबधब्याचं चित्र, मागे बासरीसारखं काहीतरी, आणि वाजवणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही. झोप लागायला ते चालतं. पण ऐकायला म्हणून बसलात तर दोन-तीन दिवसांत कंटाळा येतो, कारण त्यात कोणी माणूस काही सांगतोय असं वाटतच नाही.

म्हणून पहिलाच नियम असा: मूड शोधू नका. माणूस शोधा, वाद्य शोधा, गाव शोधा. शोधपट्टीत ‘रिलॅक्सिंग’ किंवा ‘मनःशांती’ टाकण्याऐवजी ‘सुरबहार आलाप’ टाका, ‘रुद्रवीणा’ टाका, ‘जिम हॉल गिटार’ टाका. संथ, मुलायम संगीत भरपूर आहे, फक्त त्याच्यावर तशी पाटी लावलेली नसते.

पुढची वाट मी खानदेशातून काढली आहे. आपल्या कानाला जे आधीच ओळखीचं आहे तिथून निघायचं, मग घाट ओलांडून माळव्यात जायचं, मग आणखी लांब. क्रम कडक पाळायची गरज नाही, पण पहिल्या दोन पायऱ्या गाळू नका.

आधी कानाची सोय

संथ संगीतातला निम्मा माल अगदी हळू आवाजात असतो. तानपुऱ्याची खर्जाची (सर्वांत खालच्या सुराची) तार, गिटारवर सरकणाऱ्या बोटाची खसखस, सारंगीच्या गजाचा खरखरीतपणा हे सगळं कूलरच्या घोंगाटात बुडून जातं. आता मे महिन्यात भुसावळला दुपारी कूलर बंद करा असं मी कोणालाच सांगणार नाही. त्यापेक्षा वेळ बदला. पहाटे पाच ते सात, किंवा रात्री जेवणं आटोपून गल्ली शांत झाल्यावर.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, खर्ज त्यातून येतच नाही. साधे वायरचे, कानावर बसणारे हेडफोन पुरतात. ‘एक्स्ट्रा बास’ लिहिलेले टाळा, कारण त्यात तबल्याचा डग्गा नुसता फुगतो आणि वर काय चाललंय ते कळत नाही. मोबाइलमधलं इक्वलायझर बंद ठेवा, आवाज निम्म्याच्या खाली. रात्रीच्या विजेवर शेतात पाणी भरायला जात असाल तर एकाच कानाला लावा. दुसरा सापाकिरड्यासाठी मोकळा हवा.

आणि एका बैठकीला एकच गोष्ट ऐका, लागोपाठ दोनदा. पहिल्यांदा सगळं सारखंच वाटतं. दुसऱ्यांदा कुठे थांबलाय, कुठे वळलाय ते दिसायला लागतं.

घरातलं आणि शिवारातलं

आपल्याकडची ओळखीची गाणी आज बहुतेक डीजेवरची आहेत. अहिराणीचं नाव घेतलं की वरातीतली गाणी आठवतात, आणि ती नाचायला छानच आहेत. पण त्याच भाषेत संथ गाण्यांचा मोठा साठा आहे, तो बायकांच्या गळ्यात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरींची झोक्यावरची गाणी, भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर चालणारी गुलाबाईची गाणी, श्रावणात कानबाई या देवीच्या रात्रीच्या जागरणातली गाणी. चार-पाच सुरांतच फिरणारी, कोणाला ऐकवायची घाई नसलेली. एक बाई ओळ टाकते, बाकीच्या उचलतात, आणि उचलताना प्रत्येकीचा सूर किंचित वेगळा लागतो. हा वेगळेपणा स्टुडिओत पुसून टाकतात. खरी मजा त्यातच असते.

जात्यावरच्या ओव्यांचं तसंच. बहिणाबाई चौधरींची गाणी आपण सिनेमातून आणि शाळेच्या पुस्तकातून ऐकली-वाचली. पण आसोद्याच्या या बाईंची गाणी आधी गळ्यात होती. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर यांनी ती उतरवून घेतली, आणि पुस्तक निघालं ते १९५२ साली, त्या गेल्यानंतर. पुस्तकातली ओवी आणि दळताना म्हटलेली ओवी यांत किती फरक असतो हे ऐकायचं असेल तर ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावरचा जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह उघडा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी सुरू केलेल्या या कामात एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या आहेत. बऱ्याचशा पुणे जिल्ह्याकडच्या आहेत, त्यामुळे आपल्याकडची चाल आणि तिकडची चाल असं ताडून बघता येतं. जात्याची घरघर हाच तिथला तानपुरा, आणि हात एक फेरा पूर्ण करतो तेवढीच ओळ.

पावरी तर धुळे-नंदुरबारकडच्या लोकांना वेगळी सांगायला नको. लग्नात बँडवाला कीबोर्डवर जो पावरीचा आवाज काढतो तो ऐकूनच आपण मोठे झालो. पण मूळ पावरी एकदा एकटी ऐका. वाळवलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि पुढे रुंद तोंड. वाजवणारा गालात हवा धरून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर मध्ये तुटत नाही. साक्री, नवापूर, बागलाण या पट्ट्यात मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात ती वाजते. कीबोर्डवर तिची फक्त चाल येते. भोपळ्यातली ती जाड, किंचित ओलसर गुंज त्यात येत नाही.

माझ्या मते मात्र आपल्या भागातलं सर्वांत मुलायम वाजणारं वाद्य थाळी आहे. कोकणा या आदिवासी समाजातले कथेकरी थाळगान करतात. एक पितळी थाळी पालथी किंवा आडवी ठेवतात, तिच्या मध्यभागी मेणाने एक बारीक सरळ काडी उभी चिकटवतात. मग दोन्ही हातांच्या बोटांच्या चिमटीत ती काडी धरून वरून खाली ओढत यायचं, एका हातानंतर दुसरा, थांबायचं नाही. काडीचा थरथराट थाळीत उतरतो आणि थाळी गुणगुणायला लागते. ठोकल्याचा आवाज कुठेच नाही, नुसता घोळत राहणारा नाद. त्या नादावर कथेकरी रात्रभर कथा सांगतो. कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची कथा त्यात प्रसिद्ध आहे. कोणी मेल्यानंतरच्या विधीतही थाळगान होतं, हे लक्षात ठेवा, म्हणजे ऐकायला जाताना वागायचं कसं ते आपोआप कळेल. यूट्यूबवर ‘थाळगान’, ‘कोकणा थाळ कथा’, ‘डोंगरदेव पावरी’ असं देवनागरीत टाकून बघा. फार थोडे लोक बघतात असे व्हिडिओ सापडतील, आवाज खराब असेल, मध्येच कोंबडा आरवेल. तरी ऐका.

नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीचे ढोल इथे मुद्दाम घेतले नाहीत. ते जाऊन ऐकलेच पाहिजेत, पण या लेखाच्या पंगतीत ते बसत नाहीत.

याच पायरीवर एक काम करून टाका. घरात किंवा गल्लीत जी आजी, मावशी, काकू अशी गाणी म्हणते, तिला विचारून रेकॉर्ड करा. पद्धत सोपी आहे. मोबाइल विमान-मोडवर टाका, नाहीतर नेमकं गाणं रंगात आलं की कोणाचा तरी फोन येतो. पंखा बंद करा. मोबाइल टेबलावर किंवा फरशीवर थेट ठेवू नका, घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा, गाणाऱ्या बाईच्या तोंडापासून हातभर अंतरावर. फ्रिज असलेल्या खोलीत बसू नका. त्याची घरघर आपल्याला जाणवत नाही, रेकॉर्डिंगमध्ये ठळक येते. सुरुवातीला नाव, गाव, तारीख आणि गाणं कधी म्हणतात ते तिच्याच तोंडून बोलवून घ्या. फाइलला लगेच नाव द्या. आणि इंटरनेटवर टाकायचं की नाही हे तिने ठरवायचं, आपण नाही.

घाटापलीकडे: माळवा

शास्त्रीय संगीताला नवे लोक घाबरतात ते त्यातल्या ताना आणि सवाल-जवाबांमुळे. मग तिकडून सुरुवात करूच नका. मुंबई-आग्रा रस्त्याने धुळं, शिरपूर, पळासनेर करत घाट चढलं की पुढे इंदूर आणि देवास. संथ ऐकणाऱ्यासाठी आपल्या शेजारात याच्याइतकी श्रीमंत जागा दुसरी नाही.

इंदूरचे उस्ताद अमीर खाँ (१९१२ ते १९७४). झुमरा हा चौदा मात्रांचा ताल ते इतका सावकाश घेतात की नव्या माणसाला दोन ठोक्यांमधल्या जागेत आपण हरवलो असं वाटतं. हरवू द्या. मात्रा मोजायच्या भानगडीत पडू नका. खालच्या सुरापासून एक-एक सूर उलगडत ते वर कधी येतात, एवढ्याकडेच लक्ष ठेवा. मारवा आणि दरबारी या दोन रागांची त्यांची एक जुनी तबकडी आहे, १९६०च्या सुमाराची. मारवा संध्याकाळी ऐका, दिवे लागायच्या आधी. तो राग ‘सा’वर टेकायला फार वेळ लावतो, त्यामुळे ऐकणारा लटकत राहतो, ती बेचैनी आवडायला लागली की तुम्ही अर्धी वाट चाललात.

देवासला कुमार गंधर्व (१९२४ ते १९९२). क्षयामुळे १९४८ साली ते तिथे राहायला आले, गाणं बंद होतं, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर येत होती ती माळव्यातली लोकगीतं. पुढे त्या चालींमधून त्यांनी नवे राग बांधले, माळव्याच्या लोकधुनांचा स्वतंत्र कार्यक्रमही केला. त्यांची निर्गुणी भजनं सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांनी गायलेली माळवी लोकगीतं त्यामानाने कमी ऐकली जातात. आखाजीचं गाणं ओळखीचं असलेल्या कानाला ती परकी वाटणार नाहीत, म्हणून तर घरातली पायरी आधी ठेवली.

रागाची वेळ पाळायची का? हट्ट नको, पण सोय आहे. दुपारी उन्हात शुद्ध सारंग, चार-पाच वाजता भीमपलास, रात्री बागेश्री. खानदेशातल्या उन्हाळी दुपारी सारंग ऐकून बघा आणि मग डिसेंबरच्या दुपारी ऐका.

ज्या वाद्यांना गर्दी नाही

सतार, संतूर, बासरी ही नावं आपोआप समोर येतात. त्यांच्या शेजारची वाद्यं शोधा. सुरबहार म्हणजे सतारीची थोरली, खोल आवाजाची बहीण. अन्नपूर्णा देवी (१९२७ ते २०१८) सुरबहार वाजवायच्या, मुंबईत राहायच्या, आणि त्यांनी जाहीर वाजवणं सोडून दिलं होतं. त्यांची अगदी मोजकी रेकॉर्डिंग उरली आहेत, तीही जुनी आणि धुरकट. ती मिळवून ऐका, आणि मग त्यांचे शिष्य निखिल बॅनर्जी यांच्या सतारीकडे या. गुरूचा ठेहराव शिष्याच्या हातात कसा उतरतो ते नुसत्या ऐकण्यातून कळतं.

रुद्रवीणेत झिया मोहिउद्दीन डागर (१९२९ ते १९९०). त्यांनी वीणेची बनावटच बदलून घेतली, भोपळे मोठे केले, आवाज आणखी खोल नेला. त्यांचा आलाप, म्हणजे तालाशिवाय रागाची सावकाश मांडणी, तासभर चालतो आणि त्यात तबला-पखवाज येतच नाही. एक सूर छेडला की तो विरेपर्यंत ते पुढे जात नाहीत. पहिल्यांदा दहाच मिनिटं ऐका, जबरदस्ती करू नका. विचित्रवीणेत लालमणी मिश्र, सारंगीत राम नारायण, व्हायोलिनवर गजाननबुवा जोशी आणि द. के. दातार. बासरीच हवी असेल तर पन्नालाल घोष (१९११ ते १९६०) यांच्यापासून सुरू करा; लांब, जाड बांबूची बासरी रागसंगीतात त्यांनीच रुजवली, आणि त्यांच्या वाजवण्यात दाखवायची धडपड अजिबात नाही.

जुन्या तबकड्यांबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची. त्यामुळे त्या काळातल्या मोठमोठ्या गायकांचं रेकॉर्डवरचं गाणं घाईचं वाटतं. मैफलीत तेच लोक तासभर एक राग मांडायचे. तेव्हा तीन मिनिटांच्या तबकडीवरून त्यांचा स्वभाव ठरवू नका. आकाशवाणीची किंवा घरगुती मैफलीची लांब रेकॉर्डिंग शोधा.

मागे बसलेल्याचा माग काढा

कमी ऐकलेलं संगीत सापडवायची माझी सगळ्यात भरवशाची रीत हीच. पुढच्या माणसाला सोडा, मागे कोण बसलंय ते बघा.

उदाहरण घरचंच घेऊ. बालगंधर्व (१८८८ ते १९६७) लहानपणी शिक्षणासाठी काही काळ जळगावात होते. शहरात त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे, त्यामुळे नाव सगळ्यांना माहीत. त्यांची पदं ऐकताना एकदा गाणं सोडून तबल्याकडे कान द्या. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा होते आणि सारंगीला कादरबक्ष. आता ‘थिरकवा तबला सोलो’ शोधा. म्हातारपणचं त्यांचं एकट्याचं वादन सापडेल. तबला इतका गोड, इतका न आदळता वाजू शकतो हे बहुतेकांना तिथे पहिल्यांदा कळतं. त्या सोलोमागे जो लेहरा, म्हणजे तीच ती फिरत राहणारी धून, धरतो, त्या सारंगीवाल्याचं किंवा पेटीवाल्याचं नाव बघा. तिथून पुढचा धागा. एका नाट्यपदावरून निघून महिनाभराचं ऐकणं होतं.

जॅझमध्ये ही रीत आणखी चालते, कारण तिथे बहुतेक तबकड्यांवर सगळ्या वादकांची नावं छापलेली असतात.

जॅझ: ड्रम काढून टाकून

जॅझ म्हटलं की आपल्याला वाटतं भोंगे आणि गोंधळ. मग असे संच निवडा ज्यांत ड्रमच नाहीत. जिमी जुफ्री या क्लॅरिनेटवाल्याने १९५६-५७ मध्ये क्लॅरिनेट, गिटार आणि डबल बास एवढ्यावर त्रिकूट उभं केलं. त्यांची ‘द ट्रेन अँड द रिव्हर’ ही रचना आधी ऐका. रेल्वे आणि नदी दोन्ही भुसावळकरांच्या ओळखीची, त्यामुळे कान लगेच जुळतो. क्लॅरिनेटसुद्धा आपल्याला नवं नाही, लग्नाच्या बँडमध्ये ते असतंच. फक्त इथे तो माणूस फुंकर घालावी इतक्या हळू वाजवतो.

आता मागे बसलेला बघा. गिटारवर जिम हॉल. त्याचं नाव धरून चालू लागा. १९६२ साली बिल एव्हान्सच्या पियानोबरोबर ‘अंडरकरंट’, फक्त दोन वाद्यं. मग बासवाला रॉन कार्टर आणि तो, ‘अलोन टुगेदर’, १९७२ची मैफल, पुन्हा दोघंच. पियानो आवडला असेल तर बिल एव्हान्सचा धागा धरा: जून १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या छोट्या क्लबात झालेलं त्रिकुटाचं रेकॉर्डिंग. त्यात प्रेक्षकांचे ग्लास किणकिणताना ऐकू येतात, लोक बोलतात, आणि हे तिघं जणू आपसात कुजबुजतायत. त्यातला बासवादक स्कॉट लाफॅरो त्यानंतर दहा-अकरा दिवसांत मोटार अपघातात गेला, वय पंचवीस. ही मैफल जॅझवाल्यांना माहीत असते, म्हणजे काटेकोर बोलायचं तर ‘कमी ऐकलेली’ नव्हे. पण इथून फुटणाऱ्या वाटा कमी तुडवलेल्या आहेत.

डोरोथी अॅशबी ही डेट्रॉइटची बाई चक्क हार्पवर जॅझ वाजवायची. तिची ‘हिप हार्प’ १९५८ची, सोबत बासरी. मुंबईत जन्मलेला अमान्सिओ डिसिल्व्हा १९६०च्या दशकात लंडनला गेला आणि गिटारवर भारतीय वळणाचं जॅझ वाजवू लागला. त्याचं नाव आपल्याकडे कोणी घेत नाही, हे मला पटत नाही.

लोकसंगीताकडून आलेल्या माणसाने मात्र थेट स्वीडनच्या यान योहानसनकडे जावं. १९६४ साली त्याने ‘जॅझ पो स्वेन्स्का’ काढलं. खेड्यापाड्यातल्या जुन्या चाली घेतल्या, आणि पियानो अन् डबल बास (तो गेऑर्ग रीडेलचा) एवढ्यावर वाजवल्या. चालीला धक्का लावलेला नाही, नटवलेलंही नाही. प्रत्येक तुकडा काही मिनिटांचा. खेड्यातली चाल शहरी वाद्यावर कशी घ्यावी याचा धडाच आहे तो. अहिराणी गाण्यांवर कोणी असं का करत नाही, हा प्रश्न कीबोर्ड वाजवणाऱ्या आपल्याकडच्या पोरांनी मनावर घ्यावा.

युरोपातलं शास्त्रीय, थोडक्यात

शंभर माणसांच्या ऑर्केस्ट्रापासून सुरुवात नको, एका पियानोपासून करा. एरिक सातीच्या ‘जिम्नोपेदी’ (१८८८) तुम्ही जाहिरातीत ऐकल्याच असतील. त्या ओलांडून फेदेरिको मोंपूकडे जा. बार्सिलोनाचा हा माणूस (१८९३ ते १९८७). आजोळी घंटा ओतायचा कारखाना, आणि तो नाद त्याच्या पियानोत शिरलेला. ‘मुझिका कायादा’ नावाचे त्याचे अठ्ठावीस छोटे तुकडे आहेत. त्याने स्वतः वाजवलेलं रेकॉर्डिंगही मिळतं, तेच घ्या. एस्टोनियाच्या आर्वो पेर्तचं ‘श्पीगल इम श्पीगल’ (१९७८) पियानो आणि व्हायोलिनवर. त्यात जवळजवळ काहीच घडत नाही, आणि ज्याने थाळगान ऐकलंय त्याला त्याची अडचण वाटणार नाही.

लांबचे भोपळे

पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमध्ये कोरा नावाचं वाद्य आहे. अर्धा भोपळा, त्यावर गाईचं कातडं ताणलेलं आणि एकवीस तारा. तुमानी जाबाते आणि बालाके सिसोको यांची ‘न्यू एन्शंट स्ट्रिंग्ज’ (१९९९) ऐका, दोन कोरा आणि तिसरं काही नाही. जवळचंच हवं असेल तर राजस्थानचा कमायचा, मांगणियार या गायक-वादक समाजाचं गजाने वाजवायचं वाद्य. साकर खाँ यांचं नाव टाका. इंग्लंडच्या वॅश्टी बनियनने १९७० साली हळू आवाजातल्या गाण्यांची एक तबकडी काढली, कोणी विकत घेतली नाही, बाईंनी गाणं सोडलं, आणि तीस वर्षांनी ती पुन्हा निघाल्यावर लोक वेडे झाले. गाजलं नाही म्हणजे हलकं होतं असं नसतं, याला एवढा पुरावा पुरे.

खरं-खोटं पारखायचं कसं

अलीकडे यंत्राने बनवलेलं ‘जुनं जॅझ’ आणि ‘प्राचीन राग’ इंटरनेटवर रतीब घातल्यासारखं येतंय. ओळखायला सोपं आहे. वादकांची नावं नाहीत, रेकॉर्डिंगचं गाव आणि साल नाही, एकाच खात्यावर दर आठवड्याला नवा ‘अल्बम’, आणि चित्रातल्या माणसाच्या हाताला बोटं कधी सहा तर कधी चार. कलाकाराचं नाव दुसरीकडे कुठेही सापडत नसेल तर सोडून द्या.

खऱ्या रेकॉर्डिंगवरही नावं चुकलेली असतात. राग एक, पाटी दुसरीच, असं जुन्या मैफलींच्या बाबतीत सर्रास होतं. यूट्यूबवर अशा व्हिडिओखाली जाणकारांनी दुरुस्त्या लिहिलेल्या असतात, त्या वाचा.

डेटा वाया घालवायचा नसेल तर रेडिओ आहेच. आकाशवाणीची ‘रागम’ ही चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी २०१६पासून चालू आहे आणि त्यांच्या ॲपवर फुकट मिळते. तिचा मोठा गुण हा की पुढचं काय ते आपण ठरवत नाही. निवेदक कलाकाराचं आणि रागाचं नाव सांगतो तेवढं वहीत टिपून घ्या. वही कागदाचीच ठेवा, कारण मोबाइलमधली यादी पुन्हा कोणी उघडत नाही. तारीख, नाव, वाद्य, सोबतीला कोण, आणि आवडलं का, एवढं बस्स. आवडलं नसेल तर तेही लिहा. सहा महिन्यांनी तेच पुन्हा ऐकून बघायचं.

समोर बसून

जळगावात जानेवारीच्या सुरुवातीला बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो. गावोगावच्या संगीत विद्यालयांमध्ये गुरुपौर्णिमेला विद्यार्थ्यांचे कार्यक्रम होतात. पोरं चुकतात, पण गुरुजी शेवटी अर्धा तास गातात आणि तो अर्धा तास कुठेही मिळणार नाही असा असू शकतो. तिथे पोचायचं ते वाद्यं जुळवायच्या आधी. तानपुरे लावताना ऐकणं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे, आणि कान तिथेच तयार होतो.

बसताना स्पीकरच्या समोरची जागा टाळा, मग ती पहिल्या रांगेतली असली तरी. मधल्या भागात, थोडं मागे. आपल्याकडचे साउंडवाले आवाज वाढवण्यात हयगय करत नाहीत, तेव्हा खिशात कापूस असू द्या. खानदेशात त्याला तोटा नाही. मध्यंतरात मुख्य कलाकाराभोवती गर्दी असते, तुम्ही सारंगीवाल्याकडे किंवा पेटीवाल्याकडे जा. ‘तुम्ही कोणाला ऐकता?’ एवढंच विचारा. जी नावं मिळतील ती कुठल्याही ॲपने सुचवलेली नसतील.

थाळगान किंवा डोंगऱ्यादेव ऐकायला जाणार असाल तर आधी गावातल्या ओळखीच्या माणसाला विचारा. तो कार्यक्रम नसतो, देवाचं काम असतं. चपला कुठे काढायच्या, कुठे बसायचं, फोटो चालतो का हे विचारल्याशिवाय मोबाइल बाहेर काढू नका. रात्रभराचं बसणं असतं, मार्गशीर्षात साक्रीकडे थंडी चांगलीच पडते, तेव्हा घोंगडी न्या. आणि सकाळची पहिली एसटी किती वाजता आहे ते जातानाच स्टँडवर विचारून ठेवा.